पुलीवरची खूण

"काकू, परत मागे का फिरवलंत?"

पाना नटावर तसाच धरून काकूंनी मान वळवली. शेडच्या दारात उद्यामिस्त्री उभा होता. गाडी कधी मिळेल असं विचारलं की "उद्या" एवढंच सांगायचा, म्हणून सगळ्या गल्लीने त्याचं तेच नाव ठेवलं होतं. त्याची बायकोसुद्धा आता त्याला उद्या म्हणूनच हाक मारायची. असा माणूस सकाळी सकाळी, न बोलावता आला, म्हणजे काहीतरी होतं.

"मागे कुठे फिरवलं? जागेवर आणलं," काकू म्हणाल्या. "एक फेरा पुढे, एक फेरा मागे. ही बघ खूण, बरोबर काट्यासमोर."

"रोज असंच?"

"रोज. चहाच्या आधी."

मिस्त्री आत आला. उघड्या बॉनेटखाली वाकून त्याने पुलीवरची पांढरी खूण पाहिली. रंग काकूंनीच अधूनमधून गिरवून ताजा ठेवलेला. तो काहीतरी बोलणार होता, पण नुसतं "हं" म्हणाला आणि मिशीवरून हात फिरवत राहिला.

काकूंनी पाना पुसून कापडात गुंडाळला. गाडी काकांची. काका गेले तेव्हा इंजिन नुकतंच बांधून झालं होतं. दोनदा सुरू केलं, तिसऱ्यांदा करायच्या आत दवाखाना लागला. तिथल्या कॉटवरून त्यांनी सांगितलं होतं, "रोज पान्याने एक फेरा दे. पडून राहिलं तर इंजिन धरेल." काकूंनी तेवढं ऐकलं आणि नेम केला. पावसापाण्याचा दिवस असो, अंगात ताप असो, फेरा चुकला नाही. लेकीच्या बाळंतपणाला जायचं होतं तेव्हाही आधी फेरा, मग गाडीतळ, आणि रात्री परत. मनात एकच होतं, हे इंजिन कधीतरी चालेल. कुणीतरी बॅटरी आणेल, पेट्रोल घालेल, आणि चालेल.

"चहा घेतोस?"

"नको. म्हणजे घेतो. काकू, सिस्टरच्या गाडीची क्रँक गेली."

"गेली म्हणजे?"

"पिस्टन हलवणाऱ्या त्या दांड्यालाच तडा गेला. दुसऱ्या नि तिसऱ्या पिस्टनच्या मध्ये. बाकी सगळं तयार आहे हो! ब्लॉक घासून आणला, रिंगा नव्या, टेबलावर कापड टाकून मांडून ठेवलंय. आणि कणाच नाही."

"मग दुसरी आण."

"कुठून? भंगारबाजार पालथा घातला. एक मिळाली, ह्याच्या पुढच्या मॉडेलची. दिसायला जुळी बहीण. बसवून फिरवली तर पिस्टन ब्लॉकच्या वर डोकं काढून बघतोय. हात लांब आहे तिचा. दुसरी मिळाली, ती घासून घासून इतकी बारीक केलेली की तिच्या मापाचं बेअरिंग आता कुणी करत नाही. तिसरी तर विहिरीतून काढल्यासारखी. ह्या मॉडेलच्या गाड्या राहिल्यात किती? सिस्टरची एक, आणि..."

तो थांबला. बॉनेटकडे बघायचं त्याने टाळलं, म्हणून काकूंनीच बघितलं.

डोंगरावरच्या वस्त्यांत बाळंतपणं करायला जाणाऱ्या सिस्टरची गाडी त्यांना माहीत होती. काकू सीट-कव्हरं शिवत. पुढच्या खोलीत जाड सुईचं मशीन, रेक्झिनचे गठ्ठे, आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले तपकिरी कागदाचे नमुने. एकेका गाडीच्या सीटचं माप. सिस्टरच्या सीटला त्यांनी वेगळा नमुना कापलाच नव्हता. काकांच्या गाडीचाच लावला होता, आणि एक टाका न उसवता बसला होता.

"कधी हवीय?"

"परवा सकाळी तिला वर जायचंय. गाडी नसली तर तिची बदली खाली वॉर्डात. दवाखान्याच्या साहेबांनी सांगून टाकलंय."

तेवढ्यात शेजारच्या दारातून भावजी आले. काकांचा धाकटा भाऊ. दोन्ही घरांमध्ये हीच एक शेड सामाईक होती, म्हणून तिच्यात उंदीर शिरला तरी तो आपल्याला विचारून शिरावा असं भावजींना वाटे.

"अरे, उद्या आज कसा उगवला?"

"काम होतं."

"तुला? काम?" भावजींनी एकदा मिस्त्रीकडे आणि एकदा वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांचा आवाज बदलला. "काय चाललंय, वहिनी?"

काकूंनी सांगितलं. सांगताना त्यांच्या लक्षात आलं की आपण एखादी झालेली गोष्ट सांगावी तसं सांगतोय.

"दादाचं इंजिन फोडायचं?" भावजी मिस्त्रीवरच धावून गेले. "लाज वाटते का? त्याच्या हाताखाली शिकलास. पहिला पाना कुणी दिला तुला? आणि आज त्याच्याच गाडीचा कणा काढायला आलास?"

"मी मागितलं नाही अजून," मिस्त्री खाली बघत म्हणाला.

"मग काय माप घ्यायला आलायस?"

भांडण वाढलं असतं, पण फाटकापाशी सिस्टर दिसली. पांढरे बूट, खांद्याला पिशवी. आत येऊ की नको अशी उभी होती. मिस्त्रीने तिला निरोप धाडला नव्हता. तीच त्याला शोधत आली होती. गॅरेज बंद बघून कुणीतरी सांगितलं असणार, काकूंकडे गेलाय. कशासाठी, ते तिला इथे उभ्या उभ्या कळलं.

"काकू, नको," ती लगेच म्हणाली. "अहो, मी ह्याला असं काही बोललेच नव्हते. मी वॉर्डात जाईन. तिथेही कामच आहे. माझं काही अडत नाही."

"आणि वरच्या बायका?"

"त्या काय," सिस्टरने पिशवीचा पट्टा सरळ केला. "मी यायच्या आधीही होत्याच की त्या."

"परवा कुणाकडे जायचं होतं?"

"आहे एक, दिवस भरलेली. शेवटच्या वस्तीवर. बस पुलापर्यंतच जाते, तिथून चढ. गेल्या खेपेला तिला खाली आणता आणता रस्त्यातच मूल..." ती थांबली. "ह्या वेळी मी आधीच जाऊन राहते असं सांगितलं होतं तिला."

भावजींनी मिस्त्रीवरची नजर काढून घेतली.

काकू मिस्त्रीकडे वळल्या. "काढली तर ह्याचं काय राहील?"

"सांगाडा."

"आणि नाही काढली तर? चालेल ना हे? उद्या बॅटरी आणून लावली तर चालेल?"

हो म्हणायला किती सोपं होतं. पण मिस्त्रीची नजर पुन्हा त्या पांढऱ्या खुणेवर गेली. "उघडल्याशिवाय कसं सांगू, काकू?"

"न चालायला काय झालं?" भावजी म्हणाले. "वहिनींनी एक दिवस सोडला नाही. अरे, फुलासारखं ठेवलंय!"

मिस्त्रीने मान हलवली नाही, नाही म्हणून नाही आणि हो म्हणूनही नाही. काकू ओळखून चुकल्या. ह्याला काहीतरी दिसलंय. आपल्याला रोज बघून दिसलं नाही, ते ह्याला दारातून दिसलं.

"काढ," त्या म्हणाल्या.

"वहिनी!"

"भावजी, साखळी तुमच्या माळ्यावर आहे ना? ती तेवढी आणून द्या."

दुपारपर्यंत इंजिन निघालं. शेडच्या लोखंडी तुळईला साखळी-पुली अडकवली. मिस्त्री खालून बोल्ट सोडत होता, भावजी साखळी ओढत होते आणि प्रत्येक ओढीला "मला हे पटलेलं नाही" असं म्हणत होते. सिस्टर इंजिनाला हात लावून ते डोलू नये म्हणून धरून उभी होती. पेशंटला स्ट्रेचरवर घेताना धरतात तसं. काकू बाजूला होत्या. इंजिन जागेवरून सुटलं आणि गाडीचं नाक एकदम वर आलं. पुढच्या स्प्रिंगांवरचा भार गेला होता. इतकी वर्षं दाराकडे बघणारे दिवे आता छपराच्या पत्र्यांकडे बघू लागले. काकूंना ते बघवेना. त्या आतून चटई आणायला गेल्या आणि चटई हातात धरून थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

चटईवर पत्रा, पत्र्यावर इंजिन. मिस्त्रीने वरचं झाकण काढलं. स्प्रिंगांची रांग. तेलाने पिवळसर झालेल्या, स्वच्छ. त्यातली एक बाकीच्यांपेक्षा पार खाली दबलेली. मिस्त्रीने तिच्यावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. काकूंनी ते पाहिलं.

मग सिलिंडरांवरच्या हेडचे बोल्ट. एकेक बोल्ट करकरत सुटत होता. शेवटचा सुटला तेव्हा मिस्त्रीने काकूंकडे पाहिलं. "काकू, तुम्ही आत जाऊन बसता का जरा?"

"का?"

"नाही, असंच."

"काढ तू."

हेड उचललं गेलं. पहिला सिलिंडर आरशासारखा. भावजी म्हणाले, "बघ! बघ म्हटलं नव्हतं?" तिसरा तसाच, चौथा तसाच. काकांनी घासून घेतलेल्या भिंतींवरच्या बारीक तिरक्या रेघासुद्धा दिसत होत्या, कालच केल्यासारख्या.

दुसरा मात्र तपकिरी होता.

वरपासून खालपर्यंत. गंजाचे पापुद्रे धरलेले, आणि त्यात पिस्टन वरखाली सरकल्याच्या उभ्या ओरखड्यांच्या रेघा. मिस्त्रीने बोट फिरवलं, बोट लाल झालं. ते त्याने पँटला पुसलं.

"हे कसं काय?" भावजी पुढे वाकले. "वहिनी, तुम्ही तर रोज फिरवत होतात ना?"

"गॅस्केट," मिस्त्री घाईने म्हणाला. "हेडचं गॅस्केट जुनं होतं, तिथून पाणी पाझरलं. होतं असं. कुणाच्या हातात नसतं ते."

काकू खाली बसल्या. गुडघे दुखत होते, तरी चटईवर टेकून त्यांनी आधी गॅस्केट हातात घेतलं. जिथून पाणी शिरतं तिथे डाग राहतो. कापड असो की रेक्झिन असो, तो काही लपत नाही. गॅस्केट कोरडं होतं. एकसारखं काळं, कुठे डाग नाही, कुठे फुगलेलं नाही.

"हे नवं आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनी माझ्यासमोर घातलं होतं."

मिस्त्री हातातला पाना फिरवत राहिला.

"मघाशी एक स्प्रिंग दबलेली होती. ती ह्याचीच ना? दुसऱ्याची?"

"काकू, जाऊ द्या ना."

"सांग मला. मला विचारायला दुसरं कोण आहे?"

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. मग तो जमिनीकडे बघत, हळू आवाजात बोलायला लागला. "इंजिन कुठेही थांबलं तरी कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडा राहतोच. त्याला इलाज नसतो. रोज वेगळ्या जागी थांबलं तर ओल वाटली जाते. आज ह्याला, उद्या त्याला. कुणाचं काही बिघडत नाही. पण त्या खुणेवर आणलं की दुसऱ्याचा पिस्टन तळाशी आणि धूर बाहेर जायचा व्हॉल्व्ह उघडा, म्हणून ती स्प्रिंग दबलेली. सायलेन्सरच्या नळीतून ओल सरळ आत."

"आणि मी रोज खुणेवर आणायचे."

त्याने बोटावरचा गंज पुन्हा पँटला पुसला.

"म्हणजे रोज त्यालाच."

"काकांनी सांगितलं होतं का, खूण जागेवर आणा म्हणून?"

काकूंनी आठवून पाहिलं. खरं तर आठवायची गरज नव्हती. दवाखान्यातली ती दुपार, नळी लावलेला हात, कोरडे ओठ, सगळं तोंडपाठ होतं. एक फेरा दे. नाहीतर धरेल. तेवढंच. खुणेचं काका तिथे बोलले नव्हते. ते फार आधीचं, इंजिन बांधताना टायमिंग लावून झालं की ते घरभर ओरडायचे, "पुलीला हात लावाल तर याद राखा! खूण हलली तर सगळं हललं!" तो धाक काकूंच्या अंगात बसला होता. फेरा तर द्यायचा, पण त्यांनी लावून ठेवलेलं हलवायचं नाही. म्हणून पुढे, आणि पुन्हा मागे.

"नाही," त्या म्हणाल्या. "ते त्यांनी नाही सांगितलं. ते मी जोडलं."

सिस्टर उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली. मग भावजीच म्हणाले, "वहिनी, आमच्याकडून तर एक फेरासुद्धा झाला नसता." बोलून झाल्यावर आपण हे उलट बोललो की सुलट, तेच त्यांना कळेना, ते साखळी गुंडाळायला लागले.

"क्रँक बघ," काकू मिस्त्रीला म्हणाल्या. "ज्याच्यासाठी उघडलंय ते बघ."

मिस्त्रीने इंजिन उलटं केलं. खालचा पत्रा सुटला तेव्हा तळाशी बसलेलं तेल दिसलं, आणि त्या तेलात विटकरी रंगाचा गाळ. मिस्त्रीचं तोंड उतरलं. ह्या वेळी त्याने काही लपवलंही नाही.

"काय?"

"रोज पिस्टन घासला की गंज भुकटी होऊन खाली. ती तेलात. तेलातून बेअरिंगमध्ये गेली असेल तर क्रँकला ओरखडा असणार. दुसऱ्यालाच असणार."

"मग?"

"मग ही पण गेली. घासून घ्यावी तर हिच्या खालच्या मापाचं बेअरिंग मिळत नाही. काकांनी एकदा घासून घेतलीय आधीच."

सिस्टरने घड्याळात पाहिलं नाही, पण मनगट दुसऱ्या हाताने झाकलं. काकूंना एकच वाटत होतं. इंजिन तर गेलं. आपल्याच हाताने गेलं. आता ही क्रँकही गेलेली निघाली, तर त्या रोजच्या फेऱ्यांमधून कुणाच्याच हाती काही आलं नाही. उलट न फिरवता ठेवलं असतं तर बरं होतं, असं व्हायचं. त्यांनी मनातल्या मनात काही म्हटलं. ओठ हलले नाहीत.

क्रँक जागेवर धरून ठेवणाऱ्या कॅपा सुटल्या. क्रँक उचलून मिस्त्रीने लाकडी ठोकळ्यांवर आडवी ठेवली आणि रॉकेलने धुतली. स्वच्छ कापडाने पुसून उजेडाकडे वळवली. पहिला गोल, चकचकीत. दुसऱ्यावर एक रेघ.

बारीक. केसासारखी. पण रेघ होती.

"आता नख लावायचं," मिस्त्री म्हणाला. "नख अडलं तर गेली. नाही अडलं तर चालेल. ह्याला दुसरी परीक्षा नाही."

त्याने आपला अंगठा पुढे केला आणि मागे घेतला. त्याची नखं हातोड्यांनी चेचून चेचून जाड, काळी, बोथट झालेली. "मला काय कळणार ह्याने? सिस्टर, तुमचं?"

सिस्टरने बोटं दाखवली. नखं मुळापर्यंत कापलेली. "आम्हाला ठेवताच येत नाहीत."

"भावजी, तुमचं?" काकूंनी विचारलं.

भावजींनी हात पाठीमागे घेतले. "मला सवय आहे जरा. चावायची."

"ह्या वयात?" सिस्टर म्हणाली, आणि त्या तसल्या वेळीही मिस्त्री फस्सकन हसला.

काकूंनी आपला उजवा अंगठा पाहिला. ते एक नख त्या राखून असत, कडक आणि सरळ. रेक्झिनची घडी त्याच नखाने दाबून मग सुईखाली सरकवायची.

"इकडे आण कापड. तेल राहिलंय का ह्याच्यावर?"

"आधी दुसऱ्याला लावा," मिस्त्री म्हणाला.

"ओळीने."

पहिल्या गोलावरून नख सरकलं. काच होती नुसती. आतलं मन मोठमोठ्याने बोलत होतं आणि नख शांत होतं. मग दुसरा. रेघेच्या अलीकडे त्या थांबल्या. डोळे मिटले. डोळ्यांना रेघ दिसत होती, म्हणून डोळे मध्ये नकोत. नख टेकवलं आणि हळूहळू पलीकडे नेलं.

मिस्त्री नखाजवळ वाकला.

काकूंनी पुन्हा नेलं, उलट्या बाजूने. मग थोडं बाजूला सरकून तिसऱ्यांदा.

"काकू?"

"थांब."

अजून एकदा. ह्या खेपेला जोर न लावता, नुसतं नखाचं वजन.

"अडत नाही," त्या म्हणाल्या.

"नक्की? दया येऊन नका सांगू हं. दीडशे वळणं आहेत त्या रस्त्याला. ही वर जाऊन तुटली तर..."

"सुईची वाट रेक्झिनवर दिसत नाही तेव्हासुद्धा ह्या नखाला कळते. आहे रेघ. पण अडत नाही. नुसता डाग आहे तो."

मिस्त्रीने मान खाली घातली आणि एक मोठा श्वास सोडला. मग तिसऱ्या, चौथ्या गोलाला काकूंनी नख लावलं. तिथे रेघही नव्हती.

"पण गाळ होता ना तेलात?" भावजींनी विचारलं. "मग वाचली कशी?"

"तेल उचलायला पंप फिरावा लागतो जोरात," मिस्त्री म्हणाला. "पान्याच्या एका फेऱ्याने ते वर चढत नाही. गाळ तळाशीच बसून राहिला. आणि रोज हलत होती म्हणून धरली नाही. ठेवून दिली असती ना, तर बेअरिंगला चिकटून बसली असती." तो थोडा थांबला. "एक बाजू खाल्ली, एक राखली."

हे तो दिलासा म्हणून सांगतोय की खरं आहे म्हणून, ते काकूंनी विचारलं नाही. एका दिवसात तेवढं पुरे होतं.

"बेअरिंगं पण द्यावी लागतील, काकू. तीच ह्या मापाची. ज्या गोलाचं त्यालाच जाईल, अदलाबदल चालणार नाही."

काकूंनी आतून अस्तराच्या चिंध्या आणल्या, सूत न सुटणाऱ्या. प्रत्येक जोडी वेगळ्या रंगात बांधली. पहिली निळ्यात, दुसरी पांढऱ्यात. मिस्त्री म्हणाला, "मी खडूने लिहितो की वर." काकू म्हणाल्या, "खडू पुसतो."

क्रँक चादरीत गुंडाळून मिस्त्री आणि सिस्टर दोघांनी मिळून उचलली. फाटकातून बाहेर पडताना सिस्टर मागे वळून काही बोलू बघत होती.

"पायाखाली बघ," काकू म्हणाल्या. "उंबरा आहे."

दुसऱ्या दिवशी चहा आधी झाला. दिवसभर काकू मशीनवर होत्या आणि भावजी गॅरेज आणि घर यांच्यामध्ये. कालपर्यंत ज्यांना पटलेलं नव्हतं, ते आता बातमीदार झाले होते.

"बसली, वहिनी. ब्लॉकमध्ये बसली!"

"फिरली का?"

"ते नाही विचारलं."

"मग जा, विचारून या."

थोड्या वेळाने, धापा टाकत, "फिरली. पण जड आहे म्हणतो."

काकूंचा पाय पेडलवर थांबला. "जड?"

"नव्या रिंगा आहेत म्हणे. जड असणारच म्हणे."

"म्हणताना त्याचं तोंड कसं होतं?"

"तोंड कुठे दिसतंय? ग्रीसच ग्रीस."

"आणि कॅपा? आपल्या नाही ना लावल्या? ज्या ब्लॉकच्या त्यालाच हव्यात."

"वहिनी," भावजी दारातच बसले, "मी माणूस आहे, निरोप्या कबुतर नाही. पाणी द्या आधी."

संध्याकाळी शेवटची बातमी आली, की सगळं आवळून झालंय आणि मिस्त्री म्हणतोय, सुरू उद्या करू. गल्लीत त्यावर बराच हशा झाला. काकूंना हसू आलं नाही. शिवत असलेली सीट त्यांनी दोनदा उसवली.

तिसऱ्या दिवशी, ऊन अजून भिंतीवर चढलं नव्हतं, तेव्हा कोपऱ्यावरून आवाज आला. आधी नुसती घरघर, मग बंद. मग पुन्हा, आणि ह्या वेळी तो थांबला नाही.

"वहिनी!" भावजी अनवाणीच रस्त्यावर धावले. "वहिनी, या बाहेर! दादाचं इंजिन चाललंय! ऐका!"

काकू दारात आल्या. गाडी गल्लीतून हळूहळू येत होती. सिस्टर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, मान पुढे काढून बसलेली. शेजारी मिस्त्री, डोळे मिटून, कान डॅशबोर्डकडे लावून. दाराशी येताना सिस्टरने वेग कमी केला. काकूंनी हातानेच खूण केली, थांबू नकोस, जा.

गाडी समोरून गेली. काकूंनी कान देऊन ऐकलं. काकांच्या गाडीला थांबलेल्या जागी एक बारीकसा खोकल्यासारखा आवाज यायचा. कितीही ट्यूनिंग करा, जायचा नाही. आंधळ्यालाही गर्दीत ती गाडी ओळखता आली असती. तो आवाज आता कुठेतरी, खाली कुठेतरी असेल म्हणून काकू शोधत राहिल्या. सायलेन्सर वेगळा, ब्लॉक वेगळा, पिस्टन वेगळे. क्रँकला स्वतःचा आवाज नसतो.

"ऐकलंत ना?" भावजींच्या डोळ्यांत पाणी होतं. "दादाचं इंजिन."

"नाही, भावजी," काकू म्हणाल्या. "ती सिस्टरची गाडी आहे."

गल्लीच्या टोकाला गाडी वळली. चढ लागला तसा आवाज जड झाला, क्षणभर तुटल्यासारखा वाटला, आणि गिअर पडून पुन्हा एकसारखा लागला. भावजी आत गेले. काकू उभ्याच होत्या. पहिलं वळण, मग दुसरं. प्रत्येक वळणामागे आवाज नाहीसा व्हायचा आणि थोडा वर, थोडा बारीक होऊन पुन्हा यायचा. पुढच्या एका वळणानंतर मात्र तो आला की नाही, ते त्यांना सांगता आलं नसतं.